पहिला स्वर कोणाचा? संगीत महोत्सवाच्या प्रारंभीच्या समूहगानाविषयी

शास्त्रीय संगीत महोत्सवाची पत्रिका हाती पडते तेव्हा तीत गायक-वादकांची नावे असतात, तबला-संवादिनीची साथ कोणाची याचा उल्लेख असतो, दिवस, वेळ आणि प्रवेशिका मिळण्याची ठिकाणेही असतात. दीपप्रज्वलनाच्या सुमारास रंगमंचावर दाटीवाटीने उभी राहणारी पंचवीस-तीस मुले-मुली नेमके काय गाणार, एवढे मात्र तीत सहसा नसते. ‘ईशस्तवन’, ‘गुरुवंदना’, ‘स्वागतगीत’ किंवा ‘नांदी’ अशा एका शब्दावर संयोजक काम भागवतात. नेहमीच्या श्रोत्यांना त्यामुळे एक निरुपद्रवी खेळ मिळतो. पडदा उघडण्यापूर्वी शेजारच्या खुर्चीवरील परिचिताशी पहिल्या समूहगानाविषयी अंदाज बांधला जातो आणि तो खरा ठरल्यास मुख्य गायकाची बैठक सुरू होण्याआधीच संध्याकाळ थोडी सार्थकी लागते.

हा खेळ दिसतो तितका अधांतरी नाही. महोत्सव कोणाच्या नावाने भरतो, सत्र कोणत्या प्रहराचे आहे, गाणारी मंडळी कोणत्या वयाची आहेत, वर्ष कोणाच्या शताब्दीचे आहे आणि निमंत्रक संस्था शासकीय आहे की खासगी, या पाच गोष्टी ठाऊक असल्या तर अंदाज बराच जवळ जातो. पहिले गीत कोणते असावे यावरून भारतीय सार्वजनिक जीवनात गंभीर वादही झालेले आहेत, आणि त्यांपैकी एका वादाच्या ऐन तोंडावर यावल तालुक्यातील एका गावाचे नाव येते.

बालगंधर्वांचे जळगाव

यावल हे सातपुड्याच्या पायथ्याचे, केळीच्या बागांनी वेढलेले तालुक्याचे गाव. येथील रसिकाला शास्त्रीय संगीताचा मोठा कार्यक्रम ऐकायचा तर तापी ओलांडून जळगाव गाठावे लागते. जळगावात वसंतराव चांदोरकर यांच्या स्मृतिप्रतिष्ठानातर्फे जानेवारीच्या सुमारास होणारा बालगंधर्व संगीत महोत्सव हा खानदेशातील अशा कार्यक्रमांत अग्रगण्य. या नावामागे केवळ आदर नाही, स्थानिक नातेही आहे. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. बालपणातील काही काळ ते नातेवाइकांकडे जळगावला शिक्षणासाठी होते आणि तेथेच मेहबूब खाँ यांच्याकडे त्यांना गाण्याचे आरंभीचे धडे मिळाले. ‘बालगंधर्व’ ही लोकमान्य टिळकांच्या तोंडची म्हणून प्रसिद्ध असलेली पदवी आणि किर्लोस्कर नाटक मंडळीतील १९०५ चा प्रवेश या गोष्टी त्यानंतरच्या.

ज्या महोत्सवाच्या नावातच बालगंधर्व आहेत, तेथील पहिल्या समूहगानाचा अंदाज बांधणाऱ्याच्या मनात नांदीच येणार. मराठी संगीत नाटकाइतकी ठसठशीत समूहगायनाची सुरुवात महाराष्ट्राच्या अभिजात संगीतात दुसरीकडे नाही.

नांदीची वंशावळ

‘नांदी’ हा शब्द भरताच्या नाट्यशास्त्राइतका जुना. नाटकाआधी करावयाच्या पूर्वरंगात देवता, ब्राह्मण आणि राजा यांचे शुभचिंतन करणारी आठ किंवा बारा पदांची नांदी सांगितलेली आहे. पुढे संस्कृत नाटकांत ती एखाद-दोन श्लोकांवर आली. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त अष्टमूर्ती शिवाची प्रार्थना करणारा एकच श्लोक आहे.

मराठीत हा धागा दोन टप्प्यांनी आला. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवले तेव्हा सूत्रधार आणि त्याच्या पाठीशी झांज-मृदंग घेऊन उभे असलेले साथीदार मिळून मंगलाचरण म्हणत. मग गणपती येई, मोरावर बसलेली सरस्वती येई, विदूषकाच्या कोट्या होत आणि बऱ्याच वेळाने आख्यान सुरू होई. पात्रांची पदेही बहुतांशी सूत्रधारच गाई. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक सादर केले, तेव्हा हा पसारा आवरला गेला. पदे ज्याची त्याने गायची असे ठरले आणि समूहाच्या वाट्याला मुख्यत्वे नांदी उरली. ‘पंचतुंड’ या पहिल्या शब्दाने ओळखली जाणारी ती नांदी आजही नाट्यसंगीताच्या असंख्य मैफलींचे पहिले गीत आहे. तीत आधी शंकराला नमन आहे आणि नंतर विघ्नहर्त्या गणपतीला. सर्व कार्यांत अग्रपूजेचा मान गणपतीचा असता येथे पित्याला पहिले स्थान मिळाले. मूळ कालिदासाच्या नांदीत शिवस्तुती आहे, तिचा मान किर्लोस्करांनी असा राखला असावा.

‘पंचतुंड’ला खरा प्रतिस्पर्धी एकच, ‘संगीत मानापमान’ची ‘नमन नटवरा’ ही नांदी. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे शब्द, गोविंदराव टेंबे यांचे संगीत आणि किर्लोस्कर मंडळीचा १२ मार्च १९११ चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांचे तान्हे मूल दगावले होते आणि तरीही त्यांनी भामिनीची भूमिका केली, ही हकिकत मराठी रंगभूमीच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. प्रेक्षागृहातील मंडळींनी ही नांदी त्या दिवशी प्रथम ऐकली तेव्हा नांदी म्हणणाऱ्यांच्या मनावर केवढे दडपण असेल, याची कल्पना करता येते. बालगंधर्वांच्या नावाचा महोत्सव असेल तर ‘पंचतुंड’पेक्षा ‘नमन नटवरा’वर पैज लावणे शहाणपणाचे. ‘शाकुंतल’ त्यांच्या जन्माआधीचे आहे, ‘मानापमान’ मात्र त्यांच्या कारकिर्दीतले.

वर्ष शताब्दीचे असेल तर अंदाज आणखी सोपा होतो. बालगंधर्वांची जन्मशताब्दी १९८८ साली झाली. ‘मानापमान’ची शंभरी २०११ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीची २०१३ मध्ये, ‘स्वयंवर’ची २०१६ मध्ये भरली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र केलेल्या ‘संयुक्त मानापमान’ची शंभरी २०२१ साली आली. अशा वर्षी त्या-त्या नाटकाची नांदी बाजूला ठेवून दुसरे काही गायला संयोजकाला फार मोठे कारण लागेल.

गण, झील आणि अभंग

नागर रंगभूमीच्या बाहेर खानदेशात समूहाने आरंभ करण्याच्या इतरही रीती आहेत आणि त्यांतील अंदाज याहूनही सोपे आहेत. तमाशात गण, गौळण, बतावणी आणि वग असा क्रम ठरलेला. गणात शाहीर ओळ म्हणतो आणि झीलकरी ती उंच स्वरात उचलतात. ‘झील’ हा शब्द कोरसला मराठीने दिलेला सर्वांत नेमका शब्द आहे. नागर संगीताने तो उचलला नाही, हे आपले दुर्दैव. कानबाईच्या उत्सवाशी जोडलेल्या वही गायनातही एकाने सांगावे आणि बाकीच्यांनी धरावे असाच बाज असतो.

वारकरी भजनाच्या बाबतीत तर पैज लावायला प्रतिपक्षच मिळणार नाही. रामकृष्णहरीचा गजर, मंगलाचरण आणि मग विठ्ठलाच्या रूपाचे अभंग हा क्रम मुक्ताईच्या पालखीत जसा पाळला जातो, तसाच गावोगावच्या सप्ताहांतही. मुक्ताईनगर याच जिल्ह्यातले. शास्त्रीय महोत्सवात अभंगाने आरंभ होतो तेव्हा ही ठरलेली चाल कानात असलेला श्रोता पहिल्या टाळालाच पुढचे ओळखतो.

व्यासांचे गाव

यावलमध्ये महर्षी व्यासांचे मंदिर आहे. व्यासांची स्वतंत्र मंदिरे देशात थोडी, त्यामुळे आषाढ पौर्णिमेला येथे दूरदूरचे भाविक येतात. व्यासपौर्णिमा म्हणजेच गुरुपौर्णिमा, आणि गुरुपौर्णिमा म्हणजे महाराष्ट्रातील प्रत्येक लहानमोठ्या संगीत विद्यालयाचा वार्षिक दिवस. मुलांना पहिल्यांदा रंगमंचावर उभे केले जाते ते याच दिवशी, आणि एकेकट्याने गाण्याचा धीर नसतो म्हणून समूहाने. महोत्सवांच्या आरंभी ऐकू येणाऱ्या बहुतेक गुरुवंदना या दिवसासाठीच बसवल्या गेलेल्या असतात. जुलैत तयार झालेले गीत जानेवारीत पुन्हा उजळणी करून आणले जाते. ज्याला अंदाज बांधायचा आहे त्याने त्या विद्यालयाचा गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम आठवावा, निम्मे उत्तर तेथे मिळते.

विद्यार्थ्यांना समूहाने गायला लावण्याची ही पद्धत आज स्वाभाविक वाटते, पण तिचे श्रेय मोठ्या प्रमाणावर पं. विष्णू दिगंबर पलुसकर यांच्याकडे जाते. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. गुरूच्या घरी एकेक शिष्य तयार होण्याची रीत होती, तेथे वर्ग आला, वेळापत्रक आले, क्रमिक पुस्तके आली आणि एका वेळी वीस मुलांनी एकच बंदिश म्हणणे आले. तानेच्या बारकाव्यांच्या दृष्टीने या पद्धतीवर पुष्कळ टीका झाली आणि ती सर्वस्वी चुकीची नव्हती. प्रार्थना आणि रामधून यांना मात्र सार्वजनिक सभांमध्ये जी प्रतिष्ठा लाभली, ती पलुसकर आणि त्यांच्या शिष्यांमुळे. त्यांच्याच परंपरेतील विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ साली दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि तेथील वृंदगायनाने रागदारीच्या चौकटीत अनेक आवाजांची रचना कशी करावी याचे नमुने घालून दिले. मुंबईत संगीतकार वसंत देसाई यांनी शाळकरी मुलांच्या समूहगायनासाठी आयुष्याच्या उत्तरार्धात मोठे काम केले. ‘गुड्डी’ चित्रपटासाठी (१९७१) त्यांनी केलेली प्रार्थना कित्येक शाळांच्या परिपाठात गेली आणि तेथून संगीत सभांच्या आरंभीही आली.

फैजपूर, १९३६

पलुसकरांचे नाव आणखी एका कारणाने येथे महत्त्वाचे आहे. काँग्रेसच्या अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ गाण्याचा मान त्यांच्याकडे असे. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गाण्याला हरकत घेतली. पलुसकर थांबले नाहीत, त्यांनी गीत पूर्ण केले. सभेचे पहिले गीत कोणते, ते गावे की नाही आणि किती गावे, हा प्रश्न त्या दिवसापासून संगीताचा राहिला नाही.

याच प्रश्नाच्या उंबरठ्यावर यावल तालुक्यातील फैजपूर उभे आहे. ग्रामीण भागात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी फैजपूरला झाले. अध्यक्ष पं. जवाहरलाल नेहरू, अधिवेशननगराचे नाव टिळकनगर आणि सजावट नंदलाल बोस यांची. बांबू, गवत, मातीची भांडी अशा गावातल्याच वस्तूंतून त्यांनी नगर उभारले. एक योगायोग असा की, रवींद्रनाथांचे ‘जन गण मन’ कलकत्त्याच्या अधिवेशनात समूहाने प्रथम गायले गेले ते २७ डिसेंबर १९११ रोजी, म्हणजे फैजपूरच्या आधी बरोबर पंचवीस वर्षे. फैजपूरनंतर वर्षही लोटले नाही तोच, ऑक्टोबर १९३७ मध्ये कलकत्त्याला काँग्रेस कार्यकारिणीने ‘वंदे मातरम्’ची पहिली दोन कडवीच राष्ट्रीय सभांत गावीत अशी शिफारस केली. फैजपूर हे त्या निर्णयापूर्वीचे शेवटचे वार्षिक अधिवेशन.

पुढे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी ‘वंदे मातरम्’ समूहाला आणि बँडला पेलेल अशा चालीत बसवण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली आणि घटना समितीच्या सदस्यांपुढे ती चाल ऐकवली. मुद्दा संगीताचाच होता. कित्येक हजार अप्रशिक्षित माणसे एका वेळी हे गीत म्हणू शकतील का, असा आक्षेप होता आणि मास्तरांना तो प्रात्यक्षिकाने खोडून काढायचा होता. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी निवेदन केले : ‘जन गण मन’ राष्ट्रगीत, आणि ‘वंदे मातरम्’ला समान मान. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांसह गायलेल्या या कलावंताचा प्रयत्न मूळ हेतूत सफल झाला नाही. समूहगानाची चाल बांधताना काय पाहावे लागते, याचा इतका कसून विचार मात्र मराठी संगीतकारांत क्वचितच कोणी केला असेल.

शासकीय कार्यक्रमांपुरते २०२३ पासून एक नवे बंधन आले. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राजा बढे यांचे, श्रीनिवास खळे यांनी संगीतबद्ध केलेले आणि शाहीर साबळे यांनी गाजवलेले गीत त्या वर्षी राज्यगीत झाले. शासनाच्या वतीने भरणाऱ्या महोत्सवात आता ते अपेक्षित असते. तेथे अंदाज बांधायचा तो त्यानंतरच्या गीताचा.

ग्वाल्हेर, तिरुवैयारू, पुणे

महाराष्ट्राबाहेर समूहगानाने आरंभ करण्याचा सर्वांत शिस्तबद्ध दाखला ग्वाल्हेरचा. तेथील तानसेन समारोह १९२४ मध्ये तानसेनाच्या उरुसाच्या स्वरूपात सुरू झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे शंभरावे सत्र झाले. सकाळी तानसेनाच्या समाधीपाशी सनईवादन, हरिकथा आणि मिलाद असे तिन्ही होते. नंतरच्या प्रत्येक सभेचा आरंभ शहरातील एखाद्या संगीत महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या समूह ध्रुपदगायनाने होतो. ध्रुपद ही तानसेनाची विद्या, शिवाय पखवाजाच्या चौतालात ठाय लयीत बांधलेली रचना समूहाला सुरक्षित. सभा सकाळची असेल तर भैरवासारखा प्रातःकालीन राग आणि संध्याकाळची असेल तर यमनासारखा सायंकालीन, एवढे तर्काने सांगता येते. हरिकथा आणि मिलाद शेजारी ठेवून काकीनाड्याचा प्रश्न ग्वाल्हेरने आपल्यापुरता सोडवला, असे म्हणता येईल.

तिरुवैयारूला अंदाजाचा प्रश्नच उद्भवत नाही. ६ जानेवारी १८४७ रोजी निवर्तलेल्या त्यागराजांच्या पुण्यतिथीला, पुष्य बहुल पंचमीस, कावेरीकाठी शेकडो गायक-वादक समोरासमोर बसून पंचरत्न कृती म्हणतात. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री हे पाच राग, पाचांना आदिताल, क्रम अढळ. हिंदुस्थानी श्रोत्याला या समूहगायनाचे नवल वाटते, कारण तेथे शिकाऊ मुलांच्या रांगेत नामवंत गायकही बसतात आणि कोणाचा आवाज वेगळा निघत नाही. या एकोप्यालाही इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे दोन गट वेगवेगळी आराधना करीत आणि स्त्रियांना कोणताच गट गाऊ देत नसे. बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी परंपरेतील गायिकेने स्वतःची मिळकत खर्चून त्यागराजांच्या समाधीवर मंदिर उभारले आणि स्त्रियांची निराळी आराधना सुरू केली. १९४० च्या सुमारास गट एकत्र आले. पाच कृतींचे आजचे सामुदायिक गायन या समेटानंतर रूढ झाले.

पुण्यात समूहगानावर पैज लावणारा मात्र हरेल. पं. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाची सुरुवात सनईने व्हावी ही तेथील रूढी. २०११ मध्ये भीमसेनजी गेल्यावर महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव आले, पण मंगलवाद्याचा मान राहिला. तेथे तर्क चालतो तो सनईवादक कोणता राग घेणार यावर.

लंडनची पैज

पहिल्या समूहगानाचा अंदाज बांधणे हा ज्यांचा जवळजवळ राष्ट्रीय छंद आहे, असे लोक लंडनला सापडतात. हेन्री वुड यांनी १८९५ मध्ये वाद्यवृंदासह सुरू केलेल्या ‘प्रॉम्स’ मैफली १९४१ पासून रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये होतात. पहिल्या रात्री भव्य वृंदगायन असलेली एखादी कृती ठेवण्याकडे संयोजकांचा कल असतो आणि कार्यक्रम जाहीर होईपर्यंत ती कोणती असेल याची चर्चा रंगते. तेथेही शताब्दी हीच पहिली खूण. २०१० साली माहलरच्या जन्माला दीडशे आणि त्याच्या आठव्या सिंफनीच्या पहिल्या प्रयोगाला शंभर वर्षे होत होती. त्या वर्षी पहिल्या रात्री तीच सिंफनी झाली. २०१२ मध्ये डीलियसच्या दीडशेव्या जन्मवर्षी त्याचे ‘सी ड्रिफ्ट’ पहिल्या रात्रीच्या कार्यक्रमात होते.

पण ही खूण हुकतेही. यानाचेकचा ‘ग्लॅगोलिटिक मास’ २०११ मध्ये पहिल्या रात्री झाला. आठच वर्षांनी, २०१९ मध्ये, पुन्हा तोच ठेवला जाईल असे थोड्यांच्याच मनात आले असेल. त्या रात्रीची निर्देशिका करिना कॅनेलाकिस ही पहिल्या रात्रीचे संचालन करणारी पहिली स्त्री. निर्देशकाची आवड ही खूण आपल्याकडेही लागू पडते. मुलांना गाणे कोणी शिकवले, हे कळले की गीत कोणते याचा पत्ता बऱ्याचदा लागतो.

पाश्चात्त्य वृंदगायनात चार आवाजांसाठी चार वेगळ्या ओळी लिहिलेल्या असतात. हिंदुस्थानी समूहगान बहुधा एकाच ओळीचे. सर्वांनी एकच स्वर, एकाच वेळी लावायचा. वरवर सोपे वाटणारे हे काम अवघड का, हे समजले की संयोजकांची निवड इतक्या थोड्या गीतांभोवती का फिरते, याचाही उलगडा होतो.

आवाजाची पट्टी आणि रागाचे औचित्य

पुरुष गायक सामान्यतः काळी एक किंवा दोन या पट्टीत गातात, स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास. दोघांना एकत्र गायचे तर मधली पट्टी घ्यावी लागते. पांढरी चारच्या जवळपास षड्ज धरला तर पुरुषांना वरचे आणि स्त्रियांना खालचे स्वर जड जातात. तार सप्तकात मुक्तपणे फिरणारी किंवा मंद्रात उतरणारी रचना त्यामुळे बाद होते. मध्य सप्तकात राहणारी आणि अंतऱ्यात तार षड्जाला जेमतेम स्पर्श करून परतणारी बंदिश निवडली जाते. लहान मुला-मुलींच्या आवाजात हा भेद नसतो, तेव्हा शाळकरी वृंदाकडून अधिक धाडसी रचना ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त. मोठ्यांच्या वृंदात स्त्री-पुरुष आळीपाळीने ओळी म्हणताना दिसले तर ती केवळ शोभा समजू नये, पट्टीची अडचण तशी चुकवलेली असते.

रागाची निवड हा नाजूक मामला. एका सत्रात एकाने गायलेला राग दुसऱ्याने टाळावा हा मैफलीचा शिष्टाचार. संध्याकाळच्या सत्रात मुलांनी यमनात सरस्वतीवंदना म्हटली तर पहिल्या गायकापुढे प्रश्न उभा राहतो. यमन मांडण्याच्या तयारीने आलेला कलावंत चार मिनिटांच्या प्रार्थनेमुळे तो सोडील का? पुष्कळजण सोडत नाहीत आणि श्रोतेही मनावर घेत नाहीत, तरी जाणते संयोजक आधी चौकशी करून घेतात. भूप आणि दुर्गा यांच्याकडे कल वळण्याचे हेही एक कारण. पाच स्वरांचे राग नवशिक्यांच्या गळ्याला सोपे असतात आणि मोठ्या गायकाच्या वाटेत फारसे येत नाहीत. नांदीचा फायदा येथे पुन्हा दिसतो. ती नाट्यपद म्हणून ऐकली जाते, तिने कोणाचा राग अडवला असे कोणी म्हणत नाही.

अलीकडे या सगळ्या विचाराला बगल देणारी एक सोय रुळली आहे. दीपप्रज्वलनाच्या वेळी ध्वनिमुद्रित श्लोक लावला जातो, पाहुणे समई पेटवतात, छायाचित्रे निघतात आणि निवेदक थेट पहिल्या कलावंताचा परिचय करून देतो. वेळ वाचतो, ध्वनिव्यवस्थेला वीस ध्वनिक्षेपक मांडावे लागत नाहीत, सूर चुकण्याची भीतीही उरत नाही. पण मोठ्या शहरांतून येणाऱ्या कलावंतांच्या महोत्सवात स्थानिक गळ्यांना मिळणारी जागा बहुधा ती पाच मिनिटेच असतात. यावल, फैजपूर, भुसावळकडची मुले ज्या रंगमंचावर नामवंतांआधी उभी राहू शकतात, तो रंगमंच त्या एका ध्वनिफितीने त्यांना बंद होतो. संयोजकांच्या खर्चाच्या हिशेबात ही गोष्ट कोठेच नोंदली जात नाही.

जेथे वृंद अजून उभा राहतो, तेथे पडदा उघडण्यापूर्वीच थोडे कानोसे घेता येतात. पडद्याआडून ऑर्गनचा दीर्घ स्वर आला तर नांदी, पखवाजाचा ठोका पडला तर ध्रुपद, टाळ वाजले तर अभंग आणि नुसत्या तंबोऱ्यांवर संवादिनी जुळताना ऐकू आली तर वंदना. गाणे संपवून मुले विंगेत गेल्यावर तंबोरे पुन्हा उतरवले किंवा चढवले जातात, कारण वृंदाची पट्टी पुढच्या गायकाची नसते. सभागृहातले दिवे त्यानंतर मंद होतात.